सातवी फ्रेम

निघोजे,
९ नोव्हेंबर २०२५

ती. उद्धवमामांस,
दीपमालाचा साष्टांग नमस्कार.

रोल पाठवतेय एकदाचा! खंडेनवमीपासून कॅमेऱ्यात अडकून होता, बारा फोटो संपवायला दिवाळी उलटली. कुरिअरवाल्यानं विचारलं, आत काय? म्हटलं फोटो. तर म्हणतो, मग व्हॉट्सॲप करा की. त्याला काय सांगू, माझ्या मामांकडं बटणाचा फोन आहे आणि पंचवीस वर्षं प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकण्यात काढल्यावर त्या फोनवरचंही त्यांना ऐकू येत नाही. आपलं पत्रच बरं. पत्रात तुम्ही माझं बोलणं मध्येच तोडत नाही.

खंडेनवमीची गंमत ऐका. प्रज्वलच्या, म्हणजे तुमच्याच जुन्या कंपनीत यंदा मशीनपूजेला घरच्यांना बोलावलं होतं. गेटवर सगळ्यांचे मोबाईल टोपलीत जमा, पूजा असली तरी सूट नाही. माझ्या पिशवीतून तुमचा प्लास्टिकचा कॅमेरा निघाला. वॉचमन मारुतराव इथलेच, त्यांच्याच वावरावर कंपनी उभी आहे. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला अन् म्हणाले, "ह्यो काय, जत्रंतलं खेळणं हाय व्हय? जा घिऊन." मी मनात म्हटलं, नाना, या खेळण्यानं मामांनी अर्ध्या दिघीची बारशी टिपलीत.

मशीनं काय नटली होती! झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, जमिनीवर रांगोळीत 'खंडेनवमी २०२५'. तुमच्या चार नंबरच्या प्रेसजवळचं मोठं शटर वर केलेलं, उजेड ऐन मशीनवर. तुमचे धडे आठवले. चार पावलं लांब राहा, श्वास रोख, आणि ज्याच्यासाठी फोटो काढतेस ते मधोमध ठेव, कारण या भिंगाला मधलंच तेवढं नीट दिसतं, कडा आंधळ्या. मोठे साहेब ताट घेऊन चार नंबरला कुंकू लावत होते. त्यांचा हात मधोमध धरला आणि खटका दाबला. कॅमेऱ्याच्या मागच्या लाल खिडकीत सात आकडा होता. प्रज्वल बाजूला हात जोडून उभा, नव्या शर्टात.

तो सातवा मोठा करून पाठवा. भिंतीवर लावायचाय. बाकीचे कसेही येऊ देत.

मामीला नमस्कार.
तुमची,
दीपमाला


भूम,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. दीपमालास अनेक आशीर्वाद.

रोल मोरीत धुतला. तुझी मामी म्हणते, ह्या बाबाच्या औषधांच्या वासानं मला स्वयंपाक गोड लागंना झालाय. मी म्हटलं, दुर्गाबाई, भाचीनं काय फोटो काढलेत ते बघा आधी.

मारुतरावांचा फाटकातला फोटो लै झ्याक. कपाळावरच्या आठ्या मोजून घ्याव्यात. आकाशकंदील लावणारे जावईबापू तर असे आलेत की लाखाच्या कॅमेऱ्यानं तोंडात बोट घालावं. भोसरीचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा उचलून आणलेलं, फोटो मोठे करायचं एनलार्जर आज कामी आलं. आगं, महागाच्या कॅमेऱ्यात सगळं कॅमेराच करतो. या डबड्यात माणसाला डोकं लावावं लागतं, म्हणून फोटोत माणूस येतो. माझं म्हणणं तुला आता पटलं असंल.

सातवा मात्र गेला. पाठीच्या झाकणातून उजेड शिरला असणार, पार काळा ठिक्कर. त्यातून काय निघणार? कापून टाकला. झाकणाला काळी चिकटपट्टी लावत जा, मी शंभरदा सांगितलंय. जुन्या वस्तूचं असंच. कधी काय सांगंल अन् कधी काय गिळंल, नेम नाही. तू जिवाला लावून घेऊ नको. अकरा आले हेच नशीब. निगेटिव्हच्या पट्ट्या प्रिंटसोबत ठेवल्यात, कोरड्या जागी ठेव.

आणखी एक. जावईबापूंना म्हणावं, चार नंबरवरून दुसरीकडं बदली मागून घ्या. जुनं मशीन आहे. कारण विचारत बसू नको, म्हातारा सांगतोय म्हणून ऐक.

तुझा,
उद्धवमामा


निघोजे,
१९ डिसेंबर २०२५

ती. मामांस नमस्कार.

मामीला फोनवर 'हाताला लागलंय' एवढंच सांगितलं होतं. तिचं बीपी. ती आली, बघितलं, माझ्या गळ्यात पडून रडली आणि गेली. तुम्ही आला नाहीत.

तर आता ऐका. ८ तारखेला पहिल्या शिफ्टला चार नंबरचा प्रेस खाली आला तेव्हा प्रज्वलचा उजवा हात आत होता. चार बोटं गेली. अंगठा राहिला. मी माझ्या कंपनीत गेज लावून पार्ट तपासत होते, कोणीतरी म्हणालं, तुझा फोन वाजून वाजून बंद पडला.

मामा, तुम्ही बदली घ्या म्हणून लिहिलं होतं. आम्ही हसलो हो! प्रज्वल म्हणाला, मामांना रिटायर होऊनही चार नंबरचा लळा सुटत नाही, दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला सांगतायत. तुम्ही कारण का नाही लिहिलंत?

कंपनी म्हणते चूक याचीच. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात बाहेरच राहणार. पण उजव्या बटणावर लाकडाची पाचर ठोकलेली सापडली. बटण कायमचं दाबलेलं, एका हातानं प्रेस चालू, दुसरा हात पत्रा सरकवायला मोकळा. माल भराभर निघतो. कंपनीच्या कागदावर लिहिलंय, कामगारानं त्याच दिवशी, स्वतःच्या मनानं, आळसापायी पाचर ठोकली. सुपरवायझर रणजीतसाहेबांनी तशी सही केलीय. पाचर गायब. मशीनला दुसऱ्याच दिवशी पिवळी नवी जाळी. आता कोणी बघायला गेलं तर मशीन शहाण्यासारखं उभं.

प्रज्वल एवढंच म्हणतो, "आधीपासून होती." कोणी लावली विचारलं की तोंड भिंतीकडं. सोबतचे सगळे मुके झालेत. कोणाचं कर्ज, कोणाचं कायम होणं अडकलंय, मी कोणाला बोलू?

२८ जानेवारीला सरकारी साहेबांपुढं सुनावणी आहे. मला दोन गोष्टी हव्यात. एक, तुमच्या वेळी ती पाचर होती का, ते लिहून द्या. तुम्ही त्याच मशीनवर होतात, त्याला कामही तुम्हीच शिकवलंत. दुसरं, सातवा फोटो. काळा असला तरी पाठवा. वाकडला कोणी जुनी निगेटिव्ह उजळून देतो म्हणतात. त्यात ते बटण असणार मामा, मी मधोमध धरलं होतं.

हात जोडते. लवकर लिहा.
दीपमाला


भूम,
२७ डिसेंबर २०२५

चि. दीपमालास आशीर्वाद.

पत्र वाचलं. जावईबापूंचा हात डोळ्यांपुढून हलत नाही. मी यायला निघालो होतो, पण गुडघा साफ धरलाय, यष्टीची पायरी चढवत नाही. मामीबरोबर तूप दिलं होतं, ते त्यांना रोज भातावर घाल. जखम लवकर भरती.

पाचरीचं म्हणशील तर बाई, मला नीट आठवत नाही. वय झालं. मशीनवर हजार गोष्टी असतात. होती म्हणावं तर कोणत्या साली, नव्हती म्हणावं तर तसंही नाही. असल्या आठवणीवर सरकारी साहेबापुढं उभं राहिलं तर ते मलाच उलटतपासतील अन् तुमची केस बिघडंल.

सातवी फ्रेम कापून टाकली ती चुलीत गेली. गेलेल्या फोटोमागं लागू नको. मोठा वकील बघ, शांत राहा, देव आहे.

कॅमेरा जपून ठेव.
उद्धवमामा


निघोजे,
५ जानेवारी २०२६

मामा,

नमस्कार लिहायला हात वळत नाही, तरी केला असं समजा.

तुमचं पत्र प्रज्वलनं वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. त्रास नको देऊ." बस. आता तो बोलतच नाही. उजवा हात शालीत गुंडाळून बसतो, मलासुद्धा दाखवत नाही. मलमपट्टी दवाखान्यात. डाव्या हातानं जेवताना भात सांडतो, तर उठून जातो. परवा शेजारच्या दीक्षाताई हळदीकुंकवाचं बोलवायला आल्या, तर त्यांनाच विचारतो, "ताई, दोन्ही हातांनी नमस्कार केला नाही तर चालतो का?" बिचाऱ्या पदर तोंडाला लावून गेल्या.

कंपनीनं नवी शक्कल काढलीय. चूक माझीच होती असं लिहून दे, आम्ही तुला गेटवर बसवतो, मारुतरावांशेजारी. नाहीतर सुनावणी होईस्तोवर बाहेर, आणि मग कायमचं बाहेर. १६ तारखेला सही करायची. आणि हा तयार झालाय मामा! मी पाया पडले, भांडले, ताट आपटलं. तो म्हणतो, "सही केली की सगळं मिटतं." कोणाचं मिटतं? खरं सांगू का, आता माझ्याच मनात पाप येतं. रोज विचारते, कोणी लावली, आणि तो खाली बघतो. निरपराध माणूस असा खाली बघतो का? यानंच लावली असेल का हो? नवऱ्याबद्दल असं मनात येतं आणि त्यालाच घास भरवायचा. यापेक्षा वाईट काय असतं, मला माहीत नाही.

आता तुमचं.

काल निगेटिव्हच्या पट्ट्या काढून खिडकीवर धरल्या. मी दिवसाला दोन हजार पार्ट तपासणारी बाई आहे, केसाएवढा चरा मला दिसतो. सहावी फ्रेम लख्ख आहे. आठवीही लख्ख आहे. तुम्हीच शिकवलंय ना, झाकणातून उजेड शिरला तर तो शेजाऱ्यालाही सोडत नाही? मग सातवीलाच कसा शिरला? आणि कापताना तुमची कात्री वाकडी गेली असणार, कारण आठवीच्या कडेला सातवीची एक बारीक चीप राहिलीय. ती काळी नाही मामा. त्यात केळीच्या खुंटाचं पान आहे.

फोटो आला होता. तुम्ही मला खोटं सांगितलंत, तेही अपघाताच्या आधी, नोव्हेंबरात. का?

तुमचं गुडघ्याचं नाटक पुरे. सातवीत काय आहे?

दीपमाला


भूम,
११ जानेवारी २०२६

चि. दीपमालास,

तुझं पत्र येऊन दोन दिवस झाले. दोन दिवस पेन उघडून बसलोय. मामी विचारती, हिशोब लिहिताय का कसला. तिच्या तोंडून हे तुला फोनवर वदवायचं धाडस माझ्यात नाही. म्हणून पत्र.

सोबत निगेटिव्ह आहे. चुलीत घातली नव्हती. गाथेच्या पोथीत ठेवली होती. मोठा प्रिंटही काढलाय, पुठ्ठ्यात घालून पाठवतोय.

फोटो बघ. जावईबापू कडेला आलेत म्हणून धूसर. रांगोळीतला २०२५ खाली धूसर, पण वाचता येतो. मध्ये साहेबांचा हात आहे, बोटांच्या रेघा मोजून घ्याव्यात इतका साफ. त्यांचं बोट उजव्या बटणावर आहे. बटणावरच्या लोखंडी कड्यात पाचर आहे आणि साहेब त्या पाचरीला कुंकू लावतायत. फोटो काळापांढरा, तरी हळदीचा पांढुरका पट्टा तिच्यावर आधीच ओढलेला, वर कुंकवाचा काळा ठिपका. पाचरीला, दीपा! मशीनचा भाग समजून. खंडेनवमीला हत्याराला पुजायचं, तसं तिलाही पुजलं. अन् हे अपघाताच्या दोन महिन्यांआधी. मग कंपनी कशी म्हणती की पोरानं त्याच दिवशी ठोकली?

आता पाचर नीट बघ. तिच्यावर तीन खाचा आहेत. त्या माझ्या.

२०११ साली रणजीतसाहेब नवीन आलेले. म्हणाले, उद्धवराव, माल कमी पडतोय, काहीतरी करा. मी घरून बाभळीचा तुकडा नेला, कानसीनं घासला, बसवला. माल दीडपट निघायला लागला. त्या वर्षी सगळ्यांपुढं माझा सत्कार केला, नारळ दिला. मी बायकोला म्हणालो होतो, बघा, डोकं लागतं. आपली पाचर दुसऱ्या शिफ्टनं पळवू नये म्हणून खाचा पाडल्या. दरसाल खंडेनवमीला मीच तिला आधी कुंकू लावायचो, मग बाकीचे लावायला लागले. जावईबापूंना कामाला लावलं तेव्हा मीच त्यांचा हात धरून दाखवलं. उजवं बटण पाचरीवर सोडा, डाव्यानं दाबा, उजवा मोकळा ठेवा. मी दाखवलं, माझ्या तोंडानं.

माझी बोटं दहाच्या दहा आहेत. याच बोटांनी तुझा रोल धुतला. मोरीत लाल दिव्याखाली कागदावर फोटो उमटत गेला, आधी साहेबांचा हात, मग बटण, मग त्या तीन खाचा. मला वाटलं होतं मी निवृत्त झाल्यावर ती कधीच फेकली असंल. बघताच ओळखली. तरी मी काय केलं? 'बदली घ्या' एवढंच लिहिलं. कारण लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, हे मामांनीच शिकवलंय की. तेवढं ऐकायला लागू नये म्हणून कारण गिळलं. चौदा दिवसांनी हात गेला. हे मी कुठं फेडू?

तू नवऱ्यावर संशय घेतेस हे वाचलं अन् राहवलं नाही. त्यानं लावली नाही. मी लावली. सही करू देऊ नको. २८ तारखेला मी येतो अन् साहेबांपुढं सांगतो. माझं काय करायचं ते करू देत.

आशीर्वाद लिहायचा अधिकार राहिला नाही.
उद्धव


निघोजे,
१८ जानेवारी २०२६

मामा,

तुमचं पाकीट काल, १७ तारखेला आलं. मध्ये संक्रांतीची सुट्टी पडली. सही १६ ला झाली. सही कसली? उजव्या हातानं जमेना, डाव्यानं नाव गिरगटलं तर साहेब म्हणाले, राहू द्या, अंगठा चालेल. आयटीआय शिकलेला माणूस, अंगठा देऊन आला. अजून बोटाची शाई गेलेली नाही. दोन दिवस पेन उघडून बसलात ना मामा? ते दोनच दिवस कमी पडले.

मी फोटो त्याच्यापुढं ठेवला. म्हटलं, बघ, तू लावलीच नव्हतीस. त्यानं डाव्या हातानं तो उजेडाकडं धरला. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तीन खाचा. मामांची पाचर."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दीड महिना, मामा! दीड महिना रोज मी कोणी लावली, कोणी लावली म्हणून त्याचं डोकं खाल्लं, आणि तो खाली बघत राहिला. मी त्याला गुन्हेगार समजले. ओरडले, "मग बोलला का नाहीस?" तर म्हणाला, "बोलायचं म्हणजे नाव घ्यायचं. कामाला त्यांनी लावलं, घरातली पोरगी दिली. त्यांचं नाव सरकारी कागदावर कसं घालू? वाटलं होतं, ते स्वतः सांगतील. मग त्यांचं पत्र आलं, आठवत नाही म्हणून. मग म्हटलं, जाऊ दे, सही करून टाकू."

तुमच्या त्या 'आठवत नाही'वर त्यानं अंगठा दिलाय. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते, रागानं लिहीत नाही. राग पण आहे. माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण केलेलं नाही.

पण २८ ला या. अंगठा दिला तरी सुनावणी व्हायचीय. वकीलबाई म्हणाल्या, अंगठ्यापुढं हा फोटो आणि तुमचा जबाब दोन्ही टिकले तर काही आशा आहे, नाहीतर नाही. मारुतराव पण यायला तयार झालेत. फोटो बघून म्हणाले, "येवढं बारीक त्या खेळण्यानं टिपलं व्हय? मंग आमी बी खरंच बोलू. लई दिस गप बसलो." तो कॅमेरा पूजेच्या दिवशी मीच आत सोडला, एवढं ते सांगणार आहेत. साहेबांनी म्हणायला नको की फोटो नंतर जुळवला.

आता सोबतचं. त्यात नवा रोल आहे, तो वापरलेला आहे. काल दुपारी फोटो बघून झाल्यावर प्रज्वल उठला, खिडकीपाशी उन्हात बसला आणि त्यानं शाल सोडली. मी बायको असून तो हात पहिल्यांदा बघितला. मला कॅमेरा आणायला सांगितलं. मी मागच्या खिडकीतला आकडा न बघताच खटका दाबायला गेले. तो म्हणाला, "घाई करू नको. चार पावलं लांब राहा. मधोमध ठेव."

मधोमध ठेवलाय. एकच नाही, बारा काढलेत, कुठलाही हुकला तरी एक राहील म्हणून. बाराच्या बारा त्याच हाताचे आहेत.

हा रोल वाकडच्या माणसाकडं देणार नाही. तुम्हीच धुवा. तुमच्याच मोरीत, तुमच्याच बोटांनी, लाल दिव्याखाली बसून एकेक उमटेस्तोवर बघा. आणि २८ ला येताना सोबत आणा.

एकही फ्रेम कापायची नाही.

दीपमाला